वरचा थर कुणाचा? खानापूर तालुक्यातल्या एका विहिरीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण भूविज्ञानाच्या एम.एस्सी.ला असलेल्या एका विद्यार्थिनीच्या प्रबंधाचं आहे. नाव, गाव, विद्यापीठ अशी सगळी ओळख काढून टाकली आहे. प्रबंध वाचून झाल्यावर तिच्याशी आणि तिच्या मार्गदर्शकांशी सविस्तर बोलणं झालं, शेतावरच्या वह्याही बघायला मिळाल्या. त्यामुळे कुठल्या वळणावर काय ठरलं आणि का ठरलं, ते मांडता येतं.

मुलगी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातली. तिथं घरं चिऱ्याची, बांध जांभ्याचे आणि पावसाळ्यात अंगणातनं वाहणारं पाणी तांबडं. तिचं आजोळ अथणीकडे, म्हणजे जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. तिकडची भुई काळी, उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा पडणारी. गंमत अशी, की दोन्हीकडे खाली खडक बहुतांशी एकच आहे: दख्खनचा बेसाल्ट, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हा थिजून झालेला. फरक पावसाचा. तिच्या पट्ट्यात, कणकुंबीच्या बाजूला वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, अथणीकडे पाच-सहाशे. जास्त पाण्यानं धुऊन निघालेल्या दगडाचा जांभा होतो. कमी पाण्यात त्याच दगडाची फुगणारी काळी चिकणमाती होते.

इथवर ठीक होतं, पण प्रबंधाचं शीर्षक ठरलं ते याहून कितीतरी मोठं: बेसाल्टचं रासायनिक विदारण आणि खंडीय कवचाची घडण. विदारण म्हणजे पावसापाण्यानं दगडाची जागच्या जागी होणारी झीज.

या शीर्षकामागचं कोडं खरं आहे आणि जुनं आहे. पृथ्वीच्या प्रावरणातून, म्हणजे कवचाखालच्या जाड थरातून, वितळून वर येतो तो मुख्यतः बेसाल्ट, त्यात सिलिका (सिलिकॉन आणि ऑक्सिजनचं संयुग) साधारण ५० टक्के. खंडांच्या कवचात मात्र सरासरी सिलिका ६० टक्क्यांच्या थोडी वर भरते, आणि मॅग्नेशियम बेसाल्टच्या मानानं कमी. मग बेसाल्टपासून खंड झाले कसे? त्याचं मोठं उत्तर खोलात आहे. शिलारसातून जड खनिजं आधी बाजूला होतात, कवचाचा तळाचा जड भाग तुटून परत प्रावरणात बुडतो, आणि वर हलका, सिलिकायुक्त भाग उरतो. पण एक छोटं उत्तर पावसाकडेही आहे. विदारणात मॅग्नेशियम, कॅल्शियम, सोडियम विरघळून समुद्राला जातात. लिथियमच्या समस्थानिकांचा, म्हणजे वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचा, हिशेब मांडून लिऊ आणि रुडनिक यांनी २०११ साली दाखवलं, की नव्यानं तयार झालेल्या कवचापैकी किमान १५ टक्के, कदाचित ६० टक्क्यांपर्यंत वस्तुमान असं विरघळून गेलं असावं. त्यांचा सर्वांत संभाव्य अंदाज ४५ टक्के. हा आकडा वाचला की कुठल्याही विद्यार्थ्याला आपल्या दारातला जांभा एकदम जागतिक वाटायला लागतो. त्यात वावगं काही नाही. फक्त एका विहिरीनं किती ओझं उचलायचं, हे आधी ठरवायला हवं.

जागा निवडताना

तीन जागा समोर होत्या. पहिली, घाटरस्ता रुंद करताना कापलेली दरड. पोचायला सोपी, पण कापून बरेच पावसाळे झालेले, पृष्ठभाग नव्यानं झिजलेला, वरून गटाराचं पाणी ओघळलेलं. दुसरी, चिरेखाण. तिथं जांभा उत्तम दिसतो, पण चिरे काढणारा माणूस मऊ चिकणमाती लागली की थांबतो. मूळ खडक खाणीत दिसतच नाही. तिसरी, नात्यातल्या एका काकांच्या शेतात त्याच उन्हाळ्यात पोकलेन लावून सुरू असलेली नवी विहीर.

विहिरीची निवड झाली, आणि माझ्या मते ती बरोबरच होती. वरच्या मातीपासून काळ्या पाषाणापर्यंतचा सगळा उभा छेद एका जागी, ताजा आणि कोरडा मिळणं ही चैन आहे. अट एकच होती. मिरगाच्या आत विहीर बांधून घ्यायची होती, नाहीतर कडा ढासळली असती. काकांनी सांगून टाकलं, “बघायचं ते आत्ताच बघून घे बाळ. एकदा बांधकाम चढलं की आतलं काय दिसायचं न्हाई.”

छेद असा होता. सर्वांत वर तांबडी माती आणि जांभ्याचे खडे. त्याखाली सलग, भोकाभोकांचा जांभा. मग पांढुरकी, मधूनच जांभळट चिकणमाती. तिच्याखाली सॅप्रोलाइट, म्हणजे हातानं चुरा होणारा पण मूळ दगडाची ठेवण जशीच्या तशी राखून असलेला भुगा. त्यात अडकलेले काळे गोटे. आणि तळाशी सुरुंगाशिवाय न फुटणारा बेसाल्ट.

त्या गोट्यांपैकी एक तिनं अख्खा सोडवून आणला. तो थोडा वेळ बघण्यासारखा आहे. मध्ये मुठीएवढा काळा, घट्ट, हातोड्यानं खणखणणारा गाभा. त्याच्याभोवती भाकरीचा पापुद्रा सुटावा तशा साली; पहिली राखाडी, दुसरी तपकिरी, बाहेरची पिवळसर आणि नखानं निघणारी. लाव्हा थंड होताना पडलेल्या भेगांतून पाणी शिरतं, चौकोनी तुकड्याचे कोपरे आधी झिजतात आणि तुकडा गोल होत जातो. मूळ खडकापासून मातीपर्यंतचा लाखो वर्षांचा प्रवास इथं वीतभर अंतरात आडवा मांडलेला असतो. मार्गदर्शकांनी गोट्याच्या प्रत्येक सालीचा वेगळा नमुना घ्यायला लावला. तेव्हा तो हौसेचा भाग वाटला होता. पुढं प्रबंध तरला तो त्यावरच.

हिशेब कसा मांडतात

अडचण नीट कळावी म्हणून हिशेबाची पद्धत आधी सांगतो. दगड झिजताना नुसते टक्के बघून काही कळत नाही. काही पदार्थ गेले की उरलेल्यांचे टक्के आपोआप वाढतात. म्हणून जवळजवळ हलत नाही असं एखादं मूलद्रव्य धरतात, बहुधा टायटेनियम, आणि बाकीच्यांना त्याच्या मापात मोजतात. १९८७ साली ब्रिमहॉल आणि डीट्रिक यांनी मांडलेली ही रीत आज सगळीकडे वापरतात.

समजण्यापुरतं एक कल्पित उदाहरण घेऊ. मूळ दगडात टायटेनियम ऑक्साइड २ टक्के, वरच्या मातीत ४ टक्के. म्हणजे बाकीचं निम्मं वस्तुमान गेलं म्हणून हे दुप्पट दिसतं. सिलिका ५० वरून ३० टक्क्यांवर आली. वरवर बघता दोन पंचमांश कमी झाली. पण ३० भागिले ५० म्हणजे ०.६, आणि टायटेनियम दुप्पट झाल्यामुळे त्याचं निम्मं, ०.३. सिलिका प्रत्यक्षात ७० टक्के गेली. मॅग्नेशियम ऑक्साइड ६ वरून १ वर आलं असेल तर ते जवळजवळ ९२ टक्के गेलं. ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचं ऑक्साइड) १४ चं २८ झालं असेल तर ते तसूभरही हललेलं नाही.

या सगळ्या हिशेबाला एकच पाया आहे: वरची माती खालच्याच दगडाची असली पाहिजे. तो पाया सरकला तर दशांश कितीही अचूक काढले तरी उपयोग शून्य.

अडचण

एक्सआरएफचे, म्हणजे क्ष-किरणांनी नमुन्यातली मूलद्रव्यं मोजणाऱ्या चाचणीचे, आकडे हातात आले तेव्हा खालच्या अर्ध्या छेदाचं चित्र अपेक्षेप्रमाणे होतं. वर मात्र घोळ. जांभ्याच्या थरात आणि त्यावरच्या तांबड्या मातीत टायटेनियमच्या मापात सिलिका कमी होण्याऐवजी वाढलेली दिसत होती. एवढ्या पावसात, एवढ्या धुपलेल्या मातीत सिलिका वाढते कुठून? टायटेनियम आणि तसंच सहसा न हलणारं झिर्कोनियम यांचं गुणोत्तर खाली गोट्यापासून पांढऱ्या मातीपर्यंत जवळपास एक होतं, आणि जांभ्यात शिरताच ते एकदम बदलत होतं. एकाच दगडापासून झालेल्या मातीत असं होऊ नये.

प्रयोगशाळेची चूक असावी असा पहिला संशय आला. तो स्वाभाविकच. नमुने दळताना कुठलं भांडं वापरलं, आधीच्या नमुन्याचा अंश राहिला का, हे तपासण्यात बराच काळ गेला. राखून ठेवलेल्या पिशव्यांतले नमुने पुन्हा दळून पाठवले, उत्तर तेच आलं.

मग मार्गदर्शकांनी जुनी युक्ती केली. जांभ्यावरच्या मातीची चिमूट दातांखाली धरली. कचकच. पांढऱ्या मातीची चिमूट धरली तर लोण्यासारखी मऊ. वरची माती चाळणीत धुतली तेव्हा तळाशी काचेसारखे, कडा घासलेले क्वार्ट्झचे, म्हणजे शुद्ध सिलिकेच्या टणक खनिजाचे, कण राहिले; काही तर भिंगाशिवाय दिसतील एवढे. बेसाल्टमध्ये क्वार्ट्झच्या वाळूचे कण नसतात. पोकळ्यांत भरलेली गारगोटी असते, पण ती अशी घासलेली, एकसारखी नसते.

शेतावरच्या वहीत एक ओळ तेव्हाच लिहिलेली होती. विहिरीवरच्या म्हाताऱ्या मिस्त्रीमामांनी छेदाकडे बोट दाखवून म्हटलं होतं, “हे वरचं इथलं न्हवं. डोंगरावरनं व्हाळानं आणून टाकल्यालं हाय.” विद्यार्थिनीनं ते ‘स्थानिक माहिती’ या मथळ्याखाली नोंदवलं आणि पान उलटलं. मामांना क्वार्ट्झ ठाऊक नव्हतं. त्यांनी जांभ्याच्या तळाशी एका रेषेत बसलेले गोलसर पांढरे गोटे बघितले होते. तशी दगडांची रेषा म्हणजे जुन्या जमिनीवर नवीन गाळ येऊन पडल्याची ठळक खूण. ती रेषा छायाचित्रातही होती.

आणि डोंगर? गावामागं क्वार्ट्झाइटचा, म्हणजे क्वार्ट्झची वाळू घट्ट होऊन झालेल्या खडकाचा, एक लांबट कडा आहे. बेळगाव जिल्ह्यात हे सर्रास आढळतं, कारण दख्खनच्या लाव्हाची दक्षिण कड इथंच संपते. तिच्याखालून ‘कलादगी’ नावाच्या जुन्या खडकगटाचे वालुकाश्म-क्वार्ट्झाइट डोकावतात आणि त्याहून खाली धारवाडचे, काही ठिकाणी ३०० कोटी वर्षांहून जुने खडक. रॉबर्ट ब्रूस फूट यांनी या दक्षिण मराठा मुलखाची पाहणी करून १८७६ साली भूरचनेचा अहवाल प्रसिद्ध केला, तेव्हापासून ही मांडणी माहीत आहे. गोकाकचा धबधबा ज्या कड्यावरून सुमारे ५२ मीटर खाली पडतो, तो याच घट्ट वालुकाश्माचा. लाव्हा आला तेव्हा अशा काही टेकड्या आधीपासून उभ्या होत्या. तो त्यांच्या पायथ्याशी साचला. नंतर पावसानं त्या टेकड्यांची वाळू बेसाल्टच्या मातीवर आणून टाकली, आणि त्या मिश्रणाचाही पुढं जांभा झाला. दिसायला तो शेजारच्या जांभ्यासारखाच. चिरे घडवणाऱ्यालाही फरक कळू नये.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय सोयीचा होता: टायटेनियमऐवजी झिर्कोनियम धरायचं. तसं केल्यावर वरच्या थरातली सिलिकेची वाढ नाहीशी होऊन आलेख देखणा होत होता. विद्यार्थिनीचा कल काही काळ याकडे होता, आणि प्रकरणातला सर्वांत धोक्याचा क्षण हाच. कारण क्वार्ट्झच्या वाळूसोबत झिर्कॉनचे, म्हणजे झिर्कोनियमच्या टणक खनिजाचे, कणही आलेले असतात. बाहेरून आलेली सिलिका बाहेरूनच आलेल्या झिर्कोनियमनं भागली की दोन चुका एकमेकींना झाकतात. आलेख सरळ आला म्हणून माप बरोबर ठरत नाही.

दुसरा पर्याय वाऱ्यावर ढकलण्याचा. हवाई बेटांवरच्या बेसाल्टच्या मातीत क्वार्ट्झ सापडतं ते आशियातून उडत आलेल्या धुळीचं, हे नीट सिद्ध झालेलं आहे. इथंही तसंच म्हणून थोडी वजाबाकी करायची. पण दूरवरून येणारी धूळ मैद्यासारखी बारीक असते. डोळ्यांना दिसणारा कण वारा सहसा समुद्रापार नेत नाही. कणांच्या आकारानंच हा पर्याय बाद झाला.

तिसरा, दुसरा छेद शोधणं. एव्हाना पाऊस लागला होता, विहीर बांधून झाली होती आणि सादरीकरणाची तारीख ठरलेली होती.

चौथा पर्याय: वरचा भाग हिशेबातून काढायचा, दगडांच्या रेषेखालच्या छेदापुरताच प्रबंध ठेवायचा, शीर्षक बदलायचं. याला मुलीचा विरोध होता. जांभा म्हणजे तर मुख्य गोष्ट, तोच काढला तर उरलं काय, हा तिचा प्रश्न रास्त होता.

काय केलं

चौथा पर्याय घेतला, पण एका दुरुस्तीसह. वरचा भाग टाकून न देता त्याचं वेगळं प्रकरण केलं: हा थर बाहेरचा आहे हे कशावरून. त्यात टायटेनियम-झिर्कोनियमचं गुणोत्तर, धुतलेल्या वाळूची छायाचित्रं, दगडांची रेषा आणि मिस्त्रीमामांचं निरीक्षण, हे पुरावे म्हणून ओळीनं मांडले. मामांचं वाक्य त्यांच्याच बोलीत दिलं. मला हे प्रकरण प्रबंधातलं सर्वांत चांगलं वाटतं.

तोट्याचा हिशेब गोट्याच्या साली, सॅप्रोलाइट आणि पांढरी माती एवढ्यावरच केला. सालींचे नमुने असल्यानं मूळ खडक कुठला, याबद्दल शंकाच राहिली नाही. गाभा आणि साल एकाच हातात मावत होते. घनताही मोजली होती. ढेकूळ मेणात बुडवून मग पाण्यात तोलायचं, साधी रीत. त्यावरून सॅप्रोलाइटचं आकारमान फारसं न बदलता वजनच घटलं आहे हे दाखवता आलं.

एक निर्णय छोटा पण महत्त्वाचा. विदारणाची तीव्रता सांगायला नेस्बिट आणि यंग यांचा १९८२ सालचा निर्देशांक सगळे वापरतात, तिनंही आधी तोच मध्यभागी ठेवला होता. त्यात ॲल्युमिना, कॅल्शियम, सोडियम, पोटॅशियम येतात. मॅग्नेशियम येतच नाही. आणि हिचा मूळ प्रश्न तर मॅग्नेशियमचा! निर्देशांक परिशिष्टात गेला.

निष्पत्ती

गोट्याच्या गाभ्यापासून बाहेरच्या सालीपर्यंत, म्हणजे वीतभर अंतरातच, कॅल्शियम आणि सोडियम जवळपास संपतात आणि मॅग्नेशियमचा मोठा वाटा जातो. जांभा व्हायच्या कितीतरी आधी हे होऊन गेलेलं असतं. त्यामुळे मॅग्नेशियम कुठं जातं हा प्रश्न जांभ्याला विचारण्यात अर्थ नव्हता, आणि वरचा थर गमावल्याचं दुःख इथं निम्मं कमी झालं.

दुसरी गोष्ट शीर्षकाच्या विरोधात गेली. पांढऱ्या मातीकडे सरकताना सिलिकाही भरपूर गेलेली दिसली. नुसतं मॅग्नेशियम गेलं असतं तर उरलेला भाग सिलिकेनं समृद्ध झाला असता, खंडीय कवचाच्या दिशेनं एक पाऊल पडलं असतं. या पावसात उरतो तो ॲल्युमिना आणि लोह. ही वाट खंडांच्या सिलिकायुक्त ग्रॅनाइटकडे जात नाही, बॉक्साइटकडे, म्हणजे ॲल्युमिनियमच्या धातुकाकडे जाते. बेळगावात ॲल्युमिनाचा कारखाना आहे तो उगीच नाही. म्हणजे विदारणानं कवच सिलिकायुक्त होतं, हे विधान मातीकडे बघून करताच येत नाही. विरघळलेलं पुढं कुठं पोचतं ते बघावं लागतं. सिलिकेचा काही भाग समुद्रात जीवांच्या कवचांतून आणि चर्ट या सिलिकेच्या गाळखडकातून गाळात बसतो आणि कालांतरानं खंडांवर परतू शकतो. मॅग्नेशियमचा बराच भाग समुद्रतळाच्या गरम बेसाल्टमध्ये शोषला जातो आणि त्या तळासोबत पुन्हा प्रावरणात बुडतो. खंडांची घडण बदलली असेल तर या परतीच्या हिशेबातल्या फरकानं, आणि तो हिशेब विहिरीत मावत नाही.

शीर्षक शेवटी झालं: अतिपावसाच्या प्रदेशातील बेसाल्टच्या एका छेदातील मूलद्रव्यांचा ऱ्हास. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, की एका विहिरीवरून एवढं बोलता येतं का. तिनं सांगितलं, की एवढंच बोलता येतं, म्हणूनच शीर्षक बदललं. प्रबंध चांगल्या श्रेणीत मंजूर झाला.

वेगळं काय करता आलं असतं

एक, वरच्या मातीची वाळू धुऊन बघायला बादली आणि चाळणी पुरते. हे काम विहिरीच्या काठावर पहिल्याच दिवशी करायचं असतं, एक्सआरएफला पैसे भरण्याआधी. तेव्हा कळलं असतं तर छेद उघडा असतानाच दगडांच्या रेषेच्या अगदी वर आणि अगदी खाली दाट नमुने घेता आले असते. आता ती सीमा दोन दूरच्या नमुन्यांमध्ये कुठेतरी आहे, एवढंच सांगता येतं.

दोन, क्वार्ट्झाइटच्या कड्याचा एकही नमुना घेतलेला नव्हता. वाळू तिथूनच आली हे जवळपास नक्की आहे, पण जवळपासच. कड्याचा आणि ओढ्यातल्या वाळूचा एकेक नमुना असता तर वरच्या थरात बाहेरचं किती आणि इथलं किती, याचा ढोबळ वाटा काढता आला असता.

तीन, विहीर खणणाऱ्यांचं बोलणं. इथं मला मार्गदर्शकांशी थोडा वाद आहे. त्यांचं म्हणणं, अशी वाक्यं शंभर ऐकू येतात आणि त्यातली बरीच चुकीची असतात. खरं आहे. पण हे मत नव्हतं, बोट दाखवून सांगितलेली खूण होती. जे दाखवलं जातं ते जाऊन बघण्याला खर्च येत नाही.

चार, आजोळ. अथणीकडच्या काळ्या मातीखालच्या बेसाल्टचा एखादा छेद मिळाला असता तर त्याच जिल्ह्यात, साधारण त्याच दगडावर, कमी पावसात काय होतं ते शेजारी मांडता आलं असतं. तिथल्या फुगणाऱ्या चिकणमातीत सिलिका आणि थोडं मॅग्नेशियमही अडकून राहतं, हे माहीत आहे. ते आपल्या जिल्ह्यातल्या आकड्यांनी दाखवता आलं असतं. वेळ गेला तो दळण्याच्या भांड्यांवर संशय घेण्यात.

सध्या विभागात पुढच्या तुकडीतला एक विद्यार्थी हेच हाती घेतो आहे. त्याच्यासाठी तिनं अथणीकडे आजोळी नवी कूपनलिका नको, उघडी विहीर खणणारं कोणी आहे का, याची चौकशी लावून ठेवली आहे. कूपनलिकेच्या भुग्यात थर एकमेकांत मिसळतात. उरलेल्या नमुन्यांच्या पिशव्या विभागाच्या कपाटात आहेत. त्यावरची खोली विहिरीच्या काठापासून नाही, मूळ जमिनीपासून मोजलेली आहे. काठावर खोदकामाची माती टाकून उंची वाढवलेली होती, हे त्याला आधीच सांगितलेलं बरं.